देवापुढची काजळी

त्या वर्षीच्या दिवाळीत सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला नाही. दारात, तुळशीपाशी, गोठ्यात पणत्या मी लावल्या. पण देवाच्या कोनाड्यातला, देवळीतला दिवा त्यांचा होता. मी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तो त्यांच्याच हातचा. सणाच्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या आणि मला देवाचा फार राग आला. तेव्हा माझा देवावर फारसा विश्वास होता असे नाही, भांडायला मात्र तो लागायचा.

आमचे घर तापीच्या नंदुरबारकडच्या काठावर होते. समोरच्या काठावर प्रकाशा आणि तिथली महादेवाची देवळे. आमचे हे मोटारनावेवर इंजिनवाले होते. नाव मालकाची, पण इंजिन जणू यांचेच, इतका त्यात यांचा जीव. जेवताना माझ्याशी बोलणार नाहीत, पण नदीवरून इंजिनाचा आवाज जरा वेगळा आला तर हातातला घास खाली ठेवतील. सवत असती तर तिच्याशी निदान भांडता तरी आले असते, असे मी म्हणायची आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या.

दिवाळीआधी दसऱ्याला अवजारांची पूजा असते तशी सासूबाईंनी त्याही वर्षी इंजिनाची पूजा केली. झेंडूची माळ घातली, हळदीकुंकू लावले. इंजिनाच्या अंगावर तेल घालायची एक पितळी वाटी होती. तिच्यातून थेंबथेंब तेल आतल्या बेअरिंगला जायचे. तिचे झाकण त्या पावसाळ्यात कुठे तरी पडले होते. सासूबाईंना ती वाटी इंजिनदेवाचे तोंडच वाटली. देवाचे तोंड उघडे दिसल्यावर कोणती म्हातारी हात आखडता घेईल? त्यांनी चिमूटभर अक्षता त्यात वाहिल्या आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी नदीच्या मध्यावर इंजिन खडखडू लागले, जळका वास आला आणि ते थांबले. नाव बांबूंनी ढकलत काठाला आणावी लागली. यांनी इंजिन खोलले. फिरत्या दांड्याला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या पितळी वाट्यांना आतून पांढऱ्या धातूचे अस्तर असते, ते तेलावाचून तापून वितळले होते. पिस्टनची एक रिंगही तुटली होती. तेलाच्या वाटीचे भोक यांनी तारेने कोरले, तर आतून पिवळ्या अक्षता बाहेर आल्या. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. यांनी मूठ मिटली, पण त्यांनी पाहायचे ते पाहिले होते.

“मन्हा हातनं पाप व्हयनं, भाऊ,” त्या यांना एवढेच म्हणाल्या. “आते देव मन्हा हातनं काहीच लेवाव नही.” देव आपल्या हातचे काही घेणार नाही म्हणून त्या दिवसापासून त्यांनी पूजा सोडली. अन्नही नावापुरते घ्यायच्या. हे समजावून थकले, मी रागावून थकले. त्यांचे कुणावर रुसणे असते तर काढता आले असते; त्यांनी स्वतःलाच देवापासून तोडले होते. म्हातारी अशी खचत गेली तर हिवाळा निघणार नाही, हे मला दिसत होते.

मालकाने नव्या बेअरिंगसाठी मुंबईला लिहिले, पण विलायतेकडे लढाई सुरू झाली होती आणि दुकानाने सामान येत नाही असे कळवले. मालकाने यांना सांगितले की त्रिपुरी पौर्णिमेला नाव चालली तर ठीक, नाहीतर इंजिन काढून विहिरीवर बसवतो. ते इंजिन विहिरीवर गेले असते तर सासूबाईंना स्वतःचे म्हणणे देवानेच खरे केल्यासारखे वाटले असते. रिंग यांच्या ठेवणीतल्या जुन्या सामानात निघाली. अस्तराचे वितळलेले थेंब गोळा करून यांनी पुन्हा ओतून पाहिले, पण धातू कमी पडला आणि जो ओतला तो पितळेला धरेना. त्या संध्याकाळी मी घाटावर जाऊन पलीकडच्या महादेवाला हात जोडले आणि म्हटले, मला काही नको, माझ्या सासूचा दिवा तेवढा परत दे. हा माझा पहिला खरा नमस्कार.

सकाळी घाटाच्या पायरीवर एक कल्हईवाला बसलेला दिसला. खांद्याचा भाता खाली ठेवून त्याने यांना निघायची वेळ विचारली, “नाव कव्हय निंघी?” त्याला पलीकडे तळोद्याच्या बाजूला गावोगाव भांडी करायला जायचे होते. नाव बंद का, हे यांनी सांगितले. तो ऐकत राहिला आणि हसून म्हणाला, “कथील शे ना मन्हाकडे. लागी तितलं ल्या, आनि माले तथा पल्याड पोचाडी द्या.”

आमच्या अंगणात भाता लागला. त्याने नवसागर टाकून बेअरिंगच्या वाट्यांना आधी भांड्यासारखी चकचकीत कल्हई केली आणि तिच्यावर यांनी कथील घालून वितळवलेला धातू ओतला. या वेळी तो असा धरला की हातोडीने वाजवला तरी सुटेना. मी दोघांना चहा दिला आणि माझ्या तवल्यालाही कल्हई करून घेतली, संधी का सोडा?

पुढचे काम यांचे. नवे अस्तर दांड्यावर नीट बसावे म्हणून दांड्याला काजळ माखायचे, बेअरिंग चढवून हाताने फिरवायचे, जिथे काळे उमटेल तिथे ते उंच आहे असे समजून खरवडायचे आणि पुन्हा काजळ माखायचे. हे घरात आले आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आईसमोर उकिडवे बसले.

“माय, दिवा लाव. माले काजय पाहिजे.”

त्या वळल्या. “मन्हा हातनी चाली का?”

“तुन्हाच हातनी पाहिजे. तुन्ही काजय बारीक ऱ्हास.”

काजळी तर दारातल्या कंदिलाच्या काचेलाही धरली होती. ती चालली नसती का, हे मी विचारले नाही, आजपर्यंत नाही. सासूबाई उठल्या, देवळी पुसली, तुपाची वात लावली आणि तिच्यावर पितळी थाळी उपडी धरली. देवासमोर बसल्या बसल्या त्यांचे डोळे भरून आले. यांना काजळी पुन्हा पुन्हा लागत होती आणि म्हणून दिवा दिवसभर तेवत राहिला. तिसऱ्या प्रहरी यांचे नाक काळे, माझा पदर काळा, आणि सासूबाई आम्हाला बघून पहिल्यासारख्या हसत होत्या. त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून खाल्ली. मला इतका आनंद झाला की मी चुलीपाशी बसून रडून घेतले.

पौर्णिमेला काठ माणसांनी फुलला. हातात द्रोणातले दिवे घेऊन लोक नावेत बसले, कल्हईवाला भाता मांडीवर घेऊन सगळ्यांच्या पुढे. इंजिन हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला सुरू झाले आणि आवाज असा गोड की यांनी डोळेच मिटले. सासूबाईंनी इंजिनाला दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावली. मग त्यांच्या मुठीत अक्षता दिसल्या आणि हात तिथेच थांबला. तेलाच्या वाटीवर यांनी सासूबाईंच्याच कुंकवाच्या करंड्याचे झाकण घट्ट बसवले होते. “टाक माय,” हे म्हणाले. “आते देवनं तोंड झाकेल शे.” सासूबाईंनी झाकण एकदा दाबून पाहिले आणि त्याच्यावर अक्षता वाहिल्या. सगळी नाव हसली. त्याही हसल्या.

कल्हईवाला तळोद्याच्या वाटेने गेला आणि पुन्हा कधी भेटला नाही. तो कोण होता हे मी ठरवत बसत नाही. त्याला नदी ओलांडायची होती आणि नाव बंद होती म्हणूनच तो आमच्या दारी थांबला, एवढे मला पुरते. मी देवाकडे दिव्याचा उजेड मागत होते. त्याने आधी काजळी मागवली आणि तिच्यासाठी म्हातारीला देवापुढे बसवले. आता माझे हात त्यांच्यासारखेच सुरकुतले आहेत आणि देवळीतला दिवा मी लावते. काय मागायचे ते त्याच्यावर सोडले आहे. काजळी धरलेली ती पितळी थाळी माझ्याकडेच आहे. घरातली सगळी भांडी मी लख्ख घासते, तेवढी ती घासत नाही.