चिंचेनं उजळलेल्या पुंगळ्या

माझ्या बायकोच्या मामांइतका काटेकोर नेमबाज अख्ख्या आयर्लंडमध्ये झाला नसेल. मामा कॉर्कच्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ. आयुष्यभर माणसांना मोजूनमापून झोपवलं, त्यामुळे अंदाज या शब्दाचा त्यांना मनस्वी राग. मामी पोह्यांत मीठ घालायला लागल्या की हे वजनाचा काटा घेऊन हजर. एकदा आमच्याकडचा चहा आवडला म्हणून साखर किती ग्रॅम घातली ते विचारलं. बायको दोन चमचे म्हणाली, तर चमचाच खिशात घातला आणि पुढच्या रविवारी मापाच्या चिठ्ठीसकट परत आणून दिला.

अशा माणसाला विकतचं काडतूस पटणं शक्यच नव्हतं. कॉलेजात छात्रसेनेत लागलेली रायफलची गोडी त्यांनी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात पुन्हा लावून घेतली होती, आणि आयुष्यात एकदा तरी स्वतः भरलेलं काडतूस उडवायचं हे मनानं घेतलं. क्लबातले एक म्हातारे शेतकरी त्यांचे गुरू. त्यांनी सांगितलं की बंदुकीची दारू घरी आणायची नाही. परवाना आला की क्लबाच्या खोलीतच काडतूस भरायचं, तोवर उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घरी धुवा आणि मोजा. मामांनी अर्ज टाकला आणि धुवायला बसले.

धुवायचं यंत्र मिळतं, पण पितळ म्हटल्यावर मामांना एकच शास्त्र ठाऊक. चिंच कोळून, मीठ घालून शंभर पुंगळ्या मामींच्या समई-निरांजनांशेजारी भिजल्या. मामी आठवडाभर बोलल्या नाहीत. बोलल्या ते एवढंच, की देवांच्या आधी या पुंगळ्यांची आंघोळ होता कामा नये. गुरूंनी एक पुंगळी उजेडात फिरवून पाहिली, "ग्रँड" म्हणाले, आणि पुढच्या खेपेला स्वतःच्या पुंगळ्यांची पिशवीच मामींपुढे ठेवली. मग दर दिवाळीला आमचा हाच उद्योग. मी पुसायचो, मामा लांबी मोजून वहीत लिहायचे. दारूऐवजी रवा घेऊन तो चिमट्याचिमट्यानं काट्यावर टाकायचा सरावही चाले. दरम्यान अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, मामा निवृत्त झाले, आणि वह्या पाच भरल्या.

परवाना आला तो गेल्या दिवाळीत. मी पेढे घेऊन पोचलो तेव्हा मामा रवा मोजत होते. चमचा काट्याशी नेला की हात थरथरायचा आणि रवा ओट्यावर सांडायचा. तीनदा तसंच झालं. मामांनी ओटा पुसला.

"हा हात ऑपरेशन थिएटरात असता, तर मीच त्याला घरी पाठवला असता," ते म्हणाले.

मी मोजतो, तुम्ही फक्त उडवा, असं मी म्हणून पाहिलं.

"मग ते तुझं काडतूस झालं रे."

त्यांनी परवान्याची घडी घालून पाचव्या वहीत ठेवली आणि मामींकडे चिंच मागितली. त्या दिवशी आम्ही सगळ्या पुंगळ्या पुन्हा धुतल्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी नको इतक्या जोरानं पुसत होतो.

मामा-मामी आता पुण्याला असतात. जाताना काटा मला देऊन गेले. या दिवाळीत समई घासायला घेतली, मुठीत आली तेवढी चिंच उचलली आणि थांबलो. काटा काढून वजन केलं, आणि आकडा लिहायला वही शोधत बसलो.