उजवा कौल

गुरवाने कौल लावायला ओली फुलं देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना चिकटवली. उजवं आधी पडलं तर रेवाने परदेशी जायचं, डावं पडलं तर पुण्यात राहायचं. रेवा माझी पुतणी. वित्तीय गणिताच्या एम.एस्सी.ला तिला दोन्हीकडे प्रवेश मिळालाय. तिला पुणं हवंय, दादाला परदेश.

देवळामागे राखणदार देवाला मानाचा कोंबडा कापला. मान तुटली तरी धड उड्या मारत होतं, भिंतीवर रक्त उडवत होतं.

डावं फूल पडलं.

"परत लाव," दादा गुरवाला म्हणाला.

पुन्हा डावंच.

"परत लाव."

शक्यतांचं गणित शिकायला निघालेली पोर बापाकडे नुसती बघत राहिली. मला संताप आला. आपण देवाला विचारतो तेही मानगूट धरून, हवं ते वदवून घेईपर्यंत सोडत नाही. मुलांनाही असंच विचारतो, तुला काय हवंय म्हणून. सुरीला धार मात्र आधीच लावलेली असते.

शेवटी उजवं पडलं. दादाने समाधानाने हात जोडले.

मागच्या दारातून दिसणारं कोंबड्याचं धड निपचित झालं होतं. रेवा तिकडे बघत शांतपणे म्हणाली, "बाबा, त्यालाही विचारलं होतं का?"