सोसायटीच्या पार्कात बसवलेला कळप

मी चौथी शिकलेला. पण मेंढरांबद्दल मला कुणी शिकवायचं नाही. धनगराच्या घरात वाढलोय. दिल्लीत सरकारी गाडी चालवली आणि रिटायर झाल्यावर मुलाकडं गुडगावला आलो. तेव्हा तिथं जिकडंतिकडं नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या.

आमच्या सोसायटीमागं अरवलीची टेकडी. टेकडीखालच्या गावचा म्हातारा गुज्जर, आमच्यासारखाच मेंढरं राखणारा, सोसायटीच्या कडेच्या वाटेनं कळप वर न्यायचा. टेकडीच्या एका भागात गावचे लोक मेंढरं चारायचे, दुसरा गवताचं बी पडेपर्यंत राखायचे. सोसायटीला ती वाट भिंत घालून बंद करायची होती. मग कळपाला जायला फक्त राखलेल्या गवतातूनच रस्ता उरत होता. सगळं तुडवलं गेलं असतं.

मीटिंगमध्ये मी उठलोच. "पार्कात लावलेलं लॉन दरवेळी जळतं. तिथं हा कळप बसवू. गवत आलं तर वाट सोडायची!"

प्रेसिडेंट हसले. "अंकलजी, पार्क है, तबेला नहीं!"

"आमच्याकडं शेतकरी मिनतवाऱ्या करून मेंढरं बसवून घेतात शेतात. लेंड्यांसारखं खत नाही!"

गुज्जरालाही धीर नव्हता. "घास न निकली तो म्हारा रास्ता गया, भाई."

"निकलेगी!"

शेवटी 'बघू तरी' म्हणत मीटिंगनं एक आठवडा दिला. आठवडाभर कळप रात्री पार्कात मुक्कामाला. बायका नाकाला पदर लावून जायच्या, मुलगा माझ्याशी बोलेना. मी हटलो नाही. मग पाऊस झाला. मी रोज उठून पार्कात. काही नाही. आजही नाही. आणि एका सकाळी काय सांगू, सगळीकडं हिरवे कोंब! टेकडीवरचंच गवत, लेंड्यांतून आलेलं. मी लिफ्टची वाटही न पाहता जिन्यानं वर पळालो आणि प्रेसिडेंटना बनियनवरच खाली ओढून आणलं.

"ये लॉन थोड़े ही है? जंगली घास है!"

"घास है कि नहीं?"

गॅलरीतून कुणी बाई ओरडली, "है तो सही!" लोक हसायला लागले.

भिंत झाली, पण कळप जाईल एवढी जागा सोडून. पहिल्या दिवशी त्यातून निघालेली मेंढरं टेकडी सोडून थेट पार्कातच घुसली.

"अरे, उधर नहीं!" आम्ही दोघे म्हातारे काठ्या घेऊन धावलो, आणि धापा टाकत, शिव्या घालत, हसत कळप टेकडीवर चढवला.