दातासाठी अडलेला पिच्चर

दात येईपर्यंत थांबू म्हणाले, आणि दात यायच्या आधीच मेले.

हे आमचे मालक. आज वर्षश्राद्ध झालं.

रिटायर झाल्यावर ह्यांना शॉर्ट फिल्मचा नाद लागला. गंगापूर रोडला आमच्या कॉलनीच्या गणपतीत दाखवायची म्हणे. कॅमेरा म्हणजे पुण्याहून सुट्टीला आलेल्या आमच्या पोराचा, संतोषचा मोबाईल. हिरो हे स्वतः. हिरोईन संतोषची ओवी, तेव्हा पहिलीत.

मी चहावाली.

स्टोरी एवढीशी. आजोबा उशिरा घरी येतो. नात रुसून दार लावून घेते. शेवटी उघडते आणि हसते.

पहिल्या दिवशी तिचं रुसणं झालं. दुसऱ्या दिवशी ह्यांचं दाराबाहेरचं झालं.
"उघड गं राणी, पाय दुखले."

आता फक्त तिनं दार उघडून हसायचं राहिलं.

तेवढ्यात पोरीनं चिक्की खाल्ली. पुढचा दात हातात.

मी म्हटलं, "हसू द्या बोळक्यानं. दात मोजायला कोण बसलंय?"

"अगं, दार लावताना दात आहे, उघडताना नाही. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारा लय दिवस दारातच उभा होता."

मी खोबऱ्याचा दात कातरून बसवला. ॲक्शन म्हणायच्या आत तिनं तो खाल्ला. दुसरा केला. तोही खाल्ला.

हे म्हणाले, "थांबू. दात काय, येईलच."

गणपती गेले. थंडीत हेही गेले.

आज पुण्याहून सगळे आले. ओवीला दात आलाय, चांगला फावड्याएवढा. पण शूटिंगचा तो फ्रॉक अंगात जाईना. ह्यांनी दाताचंच धरलं, पोर आख्खी वाढते हे डोक्यातच नाय आलं.

संतोष म्हणाला, "नुसता चेहरा घेतो."

ओवीनं दार उघडलं. बाहेर कोणीच नाय. तिला हसू येईना.

"आजी, मी बघू कुणाकडे?"

मग मी उभी राहिले. हे उंच, मी बुटकी. पोरीची नजर वर पाहिजे म्हणून पाट मांडून त्यावर चढले. दार लावून घ्यायला सांगितलं. डायलॉगपण मीच म्हटला.

"उघड गं राणी, पाय दुखले."

आतून कडी निघाली. मला पाटावर बघून पोरगी खळखळून हसली.

"कट," संतोष म्हणाला. तोंड तिकडं फिरवून.

संध्याकाळी सगळे परत गेले. उद्या शाळा हाय.

जाताना संतोष पिच्चर जोडून माझ्या मोबाईलवर टाकून गेला. हे दारात उभे राहतात. दार उघडतं. ओवी हसते. संपला.

परत लावला. घरात तेवढाच आवाज.

पाट अजून दाराबाहेरच हाय. उद्या आत घेईन.

अहो, दार उघडलं तिनं. बसा आता निवांत.