समासातलं नाव

माझी आत्या शांत, सोशिक वगैरे काही नव्हती.

आज माई आत्याला जाऊन वीस वर्षं झाली. सकाळपासून घरच्या ग्रुपवर तिचा तोच फोटो, खाली गुलाबाची फुलं आणि तेच ते "शांत, सोशिक स्वभाव."

मग कोणीतरी लिहितंच, "अण्णांच्या लेखणीपायी बिचारीचा संसार झाला नाही."

दरवर्षी मी हे वाचते आणि हात जोडल्याचा इमोजी टाकून मोकळी होते.

यंदा खरंच कंटाळा आला.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, माई आत्याचे वडील. १९३०च्या पुढची ती वर्षं. रत्नागिरीत शाळेत इंग्रजी शिकवायचे. वाचनालयात त्यांना एका जुन्या फ्रेंच लेखकाचं इंग्रजी भाषांतर सापडलं. राजदरबारातल्या माणसांची तिरकस शब्दचित्रं. नावं खोटी, नमुने खरे.

अण्णा खूश. म्हणाले, दरबार कशाला हवा? आपली आळी काय कमी आहे?

वाचनालयाचं हस्तलिखित मासिक निघायचं. एकच प्रत. ती घरोघर फिरायची, एकेका घरी दोन दिवस. त्यात अण्णा दर महिन्याला एक नमुना लिहायला लागले, कोणाचंही नाव न घेता.

शिमग्याला मुंबईहून येऊन आईच्या हातच्या चहाला नावं ठेवणारा. सगळ्यांच्या पोटाची चौकशी करून शेवटी स्वतःच्या पोटावर येणारा.

लोक पोट धरून हसायचे. वाचणाऱ्याला शेजारी लगेच ओळखू यायचा. स्वतःला कोणी ओळखलं, असं मात्र ऐकिवात नाही.

शुद्धप्रत करायचं काम माई आत्याचं. सोळा वर्षांची होती, अक्षर सुरेख.

त्यातला 'निःस्पृह' हा नमुना तिला म्हातारपणीही पाठ होता. "सभेला सगळ्यांत शेवटी येतो, सगळ्यांत मागे बसतो आणि कोणी पुढे बोलावीपर्यंत खोकत राहतो. स्वतःची स्तुती कधी करत नाही. दुसऱ्याने सुरू केली की फक्त साल दुरुस्त करतो."

मी तेव्हा कॉलेजात फ्रेंच शिकवत होते. मे महिन्यात रत्नागिरीला गेले होते, पडवीत पेपर तपासत बसले होते. सहज म्हटलं, "आत्या, त्या फ्रेंच पुस्तकाचं काय झालं माहितीय? लोक समासात खऱ्या माणसांची नावं लिहायला लागले. त्या नावांच्या याद्याच फिरायच्या. हे कोणा एकावर नाही, असं सांगून सांगून लेखक थकला."

आत्या फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिचे हात थांबले.

"मीपण लिहिलं होतं गो. एकच नाव."

भाऊसाहेब वकील म्हणजे अण्णांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांच्या मुलाशी आत्याचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त काढून झाला होता.

भाऊसाहेब सभेत खोकायचे.

मैत्रिणीला दाखवायला, गंमत म्हणून, आत्याने 'निःस्पृह'च्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, भाऊसाहेब. मैत्रीण बघून गेली की खोडायचं, असं मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी आत्या विहिरीवर असताना वाचनालयाचा शिपाई आला आणि अंक घेऊन गेला.

भाऊसाहेबांच्या घरी तो पोचेपर्यंत अख्ख्या आळीचा वाचून झाला होता.

"आणि सगळ्यांना ते पटलं गो, हीच तर पंचाईत," आत्या म्हणाली.

भाऊसाहेब अंक घेऊन आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बोट ठेवून विचारलं, "हे नाव कोणी लिहिलं?"

आत्या दाराआड उभी होती.

अण्णांनी चष्मा लावला. बराच वेळ पानाकडे बघत राहिले. आपल्या लेकीचं अक्षर त्यांना कळलं नसेल?

"मी," अण्णा म्हणाले.

होणाऱ्या सुनेने सासऱ्याची टिंगल केली, असं बाहेर गेलं असतं तर तिचं दुसरीकडेही कुठे जमलं नसतं. म्हणून.

लग्न मोडलं. मैत्री संपली. अण्णांनी पुन्हा एक ओळ लिहिली नाही आणि घरात त्या नावाबद्दल चकार शब्द काढला नाही. आत्याला पुढे स्थळं आली. तिने सगळ्यांना नाही म्हटलं.

मी विचारलं, "तू बोलली का नाहीस?"

"तो मुलगा मला आवडला होता. पण लग्न मोडल्याचं दुःख कधीच संपलं. दोन पावलं पुढे यायचं होतं गो मला, दोनच. मेलं तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी आणखी जड झालं. मग जडच होत गेलं."

अण्णा शेवटच्या आजारात अंथरुणावर होते, तेव्हा एका दुपारी तिने कसंबसं विचारलं, "अण्णा, तो निःस्पृह भाऊसाहेबांवरच होता ना?"

अण्णा छताकडे बघत होते.

"नाही गो. माझ्यावर होता."

हे सांगताना ती माझ्यासमोर ढसाढसा रडली. सत्तरी उलटलेली बाई.

मग डोळे पुसून म्हणाली, "मी गेले की सगळ्यांना सांग. अण्णांच्या नावावर नको ते."

मी हो म्हटलं.

ती गेली. पहिल्या वर्षी वाटलं, इतक्यात नको. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता कशाला उकरायचं. सगळ्यांची लाडकी आत्या, तिच्या फोटोखाली हे कसं लिहायचं?

असं करत वीस वर्षं गेली. तोंड उघडत नाही म्हणजे काय, ते मला आता नीट समजलं आहे.

ते नाव अण्णांनी लिहिलं नव्हतं. ग्रुपवर यापुढे "अण्णांच्या लेखणीपायी" हे वाक्य कोणी लिहू नका.

आत्या, फार उशीर केला मी. माफ कर.

अण्णा, तुम्हाला नमस्कार.