पट वाढवायला गेले तेव्हा

नरखेड तालुक्यातल्या आमच्या सरकारी शाळेत सहावी ते आठवीची मुलं इतकी कमी झाली होती, की हे वर्ग बंद होतील अशी भीती होती. म्हणून जूनमध्ये आम्ही शिक्षक मुलं मागायला घरोघरी फिरत होतो. मी माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेले. तिची मुलगी पाचवी पास झाली होती. मला वाटलं, ही तरी नाही म्हणणार नाही.

तिने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. पण मुलीचं नाव तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घातल्याचं तिने लगेच सांगितलं.

“काहून वं? तू तर माझ्याच हाताखाली शिकली,” मी म्हणाले.

“म्हणूनच, मॅडम,” ती हळू बोलली. “तुम्ही मले कधी रागावल्या नाही. पण सातवीतही मले धड वाचता येत नव्हतं. तुम्हाले माहीत होतं ना?”

मला माहीत होतं. ती कुणाला त्रास द्यायची नाही, म्हणून मी तिला फळा पुसायला सांगायचे आणि दरवर्षी पुढच्या वर्गात ढकलायचे.

चहा कसाबसा संपवून मी निघाले. पुढच्या घरी गेलेच नाही.

त्या वर्षी वरचे वर्ग शेजारच्या गावी गेले. दोन मुलींना घरच्यांनी एसटीने पाठवलं नाही, त्यांची शाळा तिथेच सुटली. मी बदली घेऊन शहरात, मनीषनगरला राहायला आले. त्या विद्यार्थिनीची मुलगी कशी शिकते आहे, हे फोन करून विचारायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.