गाडी पोहोचवून येताना

लोकांच्या गाड्या पोहोचवायचं काम मी करतो, पण माझ्या स्वतःच्या दारात गाडी नाही. एक जुनी स्कूटर आहे आणि ती सकाळी चार लाथा खाल्ल्याशिवाय उठत नाही. यावरून आमच्या बेडसे गावात माझी चेष्टा होते. होऊ दे. भात झोडून घरात आलं की शेतात मला फारसं काम उरत नाही. मग सोमाटण्याला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याचा फोन येतो, अमुक ठिकाणी गाडी उभी आहे, तेवढी घेऊन या. मी त्याचा नोकर नाही, कुणाचाच नाही. मन असलं तर जातो, नसलं तर बांधावर बसून राहतो. सगळी उमर कारखान्यात शिफ्टच्या भोंग्यावर उठबस केलेल्या माणसाला हे सुख काय असतं ते विचारा.

काम काही अवघड नाही. गाडीभोवती एक फेरी मारून ओरखडे बघायचे, फोटो काढायचे, कागद ताब्यात घ्यायचे, सीटवर आपला टॉवेल टाकायचा आणि निघायचं. जाताना काचा बंद, गार हवा, गाणी. येताना मिळेल ती बस, नाहीतर टमटम. बायको म्हणते, "जाताना सायब असता, येताना माझा नवरा." खरं सांगतो, मला येतानाचाच प्रवास जास्त आवडतो. हातात भेळेचा पुडा असतो आणि पुढच्या खड्ड्याची काळजी दुसऱ्या कुणालातरी असते.

एक नियम मात्र मी पहिल्यापासून पाळला, पोहोचवायच्या गाडीत कुणाला बसवायचं नाही. एकाला बसवलं की फाट्यावर उभा असलेला प्रत्येक जण आपला पाव्हणा निघतो. तो नियम गेल्या हिवाळ्यात कुसगावच्या एका बाईंनी मोडला.

बाई दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. नवरा लवकर गेला, त्यानंतर त्या गाडी शिकल्या. त्या काळी त्या गाडी काढायच्या तेव्हा शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहायचे म्हणे. मुलगा परगावी, घरात त्या एकट्या. मी गेलो तेव्हा छोटी पांढरी गाडी धुऊनपुसून अंगणात उभी होती आणि फाटकाच्या एका खांबाचं प्लास्टर विटेपर्यंत उडालेलं होतं. मी खांबाकडे बघितलेलं त्यांनी बघितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, की साखरेमुळे उजवा पाय बधिर झालाय, ब्रेक दाबला गेला की नाही ते पायाला कळत नाही. आज खांब होता, उद्या कुणाचं तरी माणूस असेल. गाडी विकायचं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, मुलाने फक्त सोमाटण्याच्या दुकानातून गिऱ्हाईक बघितलं.

मी फोटो काढून वळलो तर बाई शेजारच्या सीटवर बसलेल्या, मांडीवर पर्स, पट्टासुद्धा लावलेला. म्हणाल्या, घेणाऱ्याला चावी मी माझ्या हातानं देणार. मी नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि काच वर केली. आता बाईमाणसाला काय हाताला धरून उतरवायचं? निघालो.

वलवण मागे पडेपर्यंत त्या नुसता रस्ता बघत होत्या. मग सुरू झाल्या. गिअर उशिरा टाकताय. ट्रकच्या इतक्या जवळ जाऊ नका. क्लचवरचा पाय काढा. आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय, प्रत्येक वेळी यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर ब्रेक दाबतोय. माझं डोकं आधीच तापट. कार्ल्याच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, "बाई, तुमीच चालवता का मंग? या हिकडं, बसा."

बोललो आणि जीभ चावली. पण बोललेलं काही परत घेता येत नाही.

त्या रागावल्या नाहीत. समोर बघत म्हणाल्या, "चालवता आली असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं, भाऊ?" मग म्हणाल्या, "गाडी जाते त्याचं मला एवढं काही नाही. पण मला दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत बसताच येत नाही. मुलगा चालवतो तेव्हासुद्धा माझा पाय ब्रेक शोधत असतो. आता इथून पुढं रोज तेच. नाहीतर मग घरात बसायचं."

समजूत घालणं मला जमत नाही, बायकोलाही माहीत आहे. पुढे सोमाटण्यापर्यंत मी गाडी इतकी हळू नेली की एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. बाई त्यावरही बोलल्या.

दुकानापाशी एक तरुण जोडपं पेढे घेऊन वाट बघत होतं. बाईंनी चावी त्या मुलीच्या हातात दिली, नवऱ्याच्या नाही. दुसरा गिअर थंडीत जरा अडतो, त्याच्यावर जबरदस्ती करू नकोस, एवढंच सांगितलं. पेढा खाल्ला, पदराला हात पुसले आणि सरळ रस्त्याकडे चालू लागल्या. त्या पोरीला अजून काहीतरी विचारायचं होतं, पण बाई थांबल्या नाहीत. मला वाटलं, आता या फाट्यावर रडणार. रडल्या नाहीत. मला विचारलं, "बस कुठे थांबते?"

एवढ्या वर्षांत त्यांना ते माहीत असायची गरजच पडली नव्हती.

लोणावळ्याची बस आली. खिडकीची जागा मी त्यांना दिली. पहिला थोडा वेळ ड्रायव्हरच्या मानेवर यांची नजर आणि पाय पत्र्यावर घट्ट रोवलेला. वडगावला ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, तेव्हा "अहो, बघून!" म्हणून त्या इतक्या मोठ्यांदा बोलल्या की कंडक्टरने मागे वळून बघितलं. मी दुसरीकडे बघायला लागलो, जणू आमची ओळखच नाही. मग मी भेळेचा पुडा काढला. त्यांनी साखरेचं कारण सांगितलं, मी म्हणालो भेळेत कुटली साखर, मग खाल्ली. चांगली मूठभर खाल्ली.

कामशेत आलं. मला खरं तर तिथंच उतरायचं होतं, तिथून बेडश्याला टमटम मिळते. मी उठणार, तेवढ्यात माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. बघतो तर बाई झोपलेल्या. साध्यासुध्या नाहीत, गाढ. तोंड किंचित उघडं, पर्स मांडीवरून घसरलेली, पाय सैल. बस खड्ड्यातून आपटत चाललीय, पुढचा माणूस फोनवर ओरडतोय, आणि बाईंना पत्ता नाही. मी पर्स उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि कंडक्टरला पुढचं तिकीट मागितलं. कुसगावला उतरायचा थांबा आला. उठवायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला. थांबा गेला. बस सुटल्यावर मला फार बरं वाटलं, का ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

लोणावळ्याच्या स्टँडवर बस रिकामी झाली तेव्हा त्या जाग्या झाल्या. आधी बाहेर बघितलं, मग माझ्याकडे. "अहो, कुसगाव?"

"गेलं," मी म्हणालो.

"आणि उठवलं नाहीत?"

"न्हाई उठवलं."

मी बोलणी खायच्या तयारीत बसलो. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, सुटलेले केस मागे घेतले. "रस्त्यावर माझा डोळा कधी लागला नव्हता हो," त्या म्हणाल्या. "कधीच नाही. गाडीत झोप येते हेच मला माहीत नव्हतं." आणि एकदम हसायला लागल्या. मलाही हसू आलं. कंडक्टर दारात उभा राहून, ही दोन म्हातारी माणसं उतरणार आहेत की नाही, म्हणून बघत राहिला.

कुसगावावरून कामशेतकडे जाणारी उलट्या दिशेची बस पलीकडे लागलीच होती. पायरी उंच होती म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, वर चढल्या, खिडकीची जागा पकडली आणि डोकं मागे टेकून डोळे मिटले.

"आता मात्र उठवा हं, भाऊ," म्हणाल्या.